गवत बंद

सीताबर्डीच्या पुलाखालून घेतलं, सेकंड हॅन्ड,
डाव्या कोपऱ्याला टवका, उजवं बटन जरा अडतं.
प्रज्योत म्हणाला, मामा, यात ते मोठं जंगल चालेल का,
ते थंडीचं, ज्यात माणूस एकटा सुटतो
आणि लाकूड तोडून, विस्तव पेटवून, जगून दाखवतो?
मी म्हणालो, चालेल.
पळणार नाही.

एकशे दहा जीबी.
टॉवर पार नवरगावकडे, आमच्या घरात दीड दांडी,
दिवसाला दीड जीबी, त्यातला अर्धा रात्री बारानंतर.
बाया मोहफुलं वेचायला जाऊ लागल्या तेव्हा डाउनलोड लावलं,
पूर्ण झालं तेव्हा तेंदूचा फड उठला होता
आणि माझ्या बहिणीच्या, शकुनच्या, बोटांवरचा
पानांचा काळा डाग अजून गेला नव्हता.

पहिल्यांदा सुरू केलं, दुपारचे दोन.
बाहेर सेहेचाळीस. यंत्राच्या पोटात ब्याऐंशी.
स्क्रीनवर हिमवादळ,
आणि मागच्या जाळीतून असा वाफारा
की पोराच्या तळहातांना घाम सुटला.
सेकंदाला अठरा फ्रेम. कधी चौदा.
कुऱ्हाड वर जायची
आणि झाड पडून गेल्यावर खाली यायची.

दुकानाचं शटर ओढून मी बसलो त्याच्याशेजारी.
पाठ उघडली, धूळ फुंकली, पेस्ट बदलली.
मग सेटिंग.
पाण्यातलं प्रतिबिंब काढलं. धुकं काढलं.
दूरचे डोंगर इतके जवळ ओढले
की त्यांच्यापलीकडे काही उरलंच नाही.
सावल्या बंद केल्या.
मे महिन्यात, सिंदेवाही तालुक्यात,
माझ्या या हातानं, सावल्या.
सव्वीस.
गवत बंद.
एकतीस! प्रज्योत ओरडला, एकतीस, मामा!
बोडक्या जमिनीवरून तो माणूस
तेल दिलेल्या बिजागरीसारखा फिरू लागला.
कूलरचं तोंड वळवलं तर आणखी दोन.
शकुन म्हणाली, यंत्राले हवा
अन् माणसाले गरमी, वा गा!

कवडू भाऊजी आले तेव्हा दिवस बुडत होता.
वनखात्याच्या प्रतिसाद दलात आहेत ते.
जाकीट, शिट्टी, काठी.
वाघ दिसला की माणसांना मागे ढकलायचं काम,
वाघाला नाही.
पाय धुऊन बसले, पोराच्या खांद्यावरून
बघत राहिले बराच वेळ.

"गवत कोठी गेलं बे?"
"बंद केलं बाबा. जड पडते."
"अन् वाघ कशात बसते मंग?"
"वाघ नाही यात. लांडगे आहेत."
"लांडगा तरी कशात बसते?"

प्रज्योतनं माझ्याकडे पाहिलं.
त्या सपाटीवर लांडगा फर्लांगावरून दिसायचा,
उघडा, केविलवाणा,
बाजारात हरवलेल्या कुत्र्यासारखा.

"चालू कर गवत."
"अटकते न बाबा."
"अटकू दे."

केलं चालू. आतला पंखा भुणभुणला.
एकवीस. सतरा.
गवत आलं तुकड्यातुकड्यानं,
आधी पायाशी, मग वितळत्या बर्फाच्या कडेनं,
आणि त्यात लांडगा
नव्हता,
मग दोन कान होते,
मग एकदम इतका जवळ
की पोराचा अंगठा चुकला.

भाऊजी हसले नाहीत.
"हाव," म्हणाले, "असंच दिसते.
मंधातलं काही दिसतच नाही."

मग त्यांचा फोन वाजला.
नहराच्या पाळीवर कोणीतरी पाहिला होता,
आणि पोरं मोटारसायकली घेऊन निघाली होती बघायला.
ओलं जाकीट त्यांनी तसंच चढवलं.
"थांबवून ठेव," म्हणाले, "मी आलो का पाहू."

प्रज्योतनं थांबवलं.
माणूस उभा, कुऱ्हाड अर्धी वर,
भोवती गवत, एक पातं हलत नाही,
लांडगा हवेत.
बॅटरी नऊ टक्के.

शकुन उठली, कूलर बंद केला.
शिट्टी ऐकू यायला पाहिजे, म्हणाली.